दीर म्हणतात डिस्क घ्या, लेक म्हणते क्लाउडवर टाक, दुकानदार तिसरंच सांगतोय

प्रश्न: नमस्कार. आम्ही सांगलीत नदीजवळच्या गावभागात राहतो. घरात एकच कॉम्प्युटर, विंडोज ११ वाला. मागच्या महिन्यात शेजारच्यांचा कॉम्प्युटर अचानक बंद पडला आणि त्यांच्या नातवाचे जन्मापासूनचे सगळे फोटो गेले, तेव्हापासून मला धास्तीच बसलीय. आमच्याकडे लग्नापासूनचे फोटो आणि व्हिडिओ आहेत (लेकीने बघून सांगितलं, सव्वादोनशे जीबी भरतात), मिस्टरांच्या एजन्सीचं टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर आहे आणि सासऱ्यांनी टाईप करून घेतलेली कीर्तनाची आख्यानं आहेत, ती श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. आत्तापर्यंत मी पेनड्राइव्हवर कॉपी करत आले, पाच-सहा झालेत, कशात काय आहे ते मलाच माहीत नाही. दीर म्हणतात एक्स्टर्नल हार्डडिस्क घ्या, लेक पुण्याला शिकते ती म्हणते सगळं गुगलवर टाक, आणि दुकानदार म्हणतो आतच दुसरी डिस्क बसवून मिरर करून देतो, परत बघायलाच नको. एकच काय ते सांगा. आणि रोज रोज काही करायला लावू नका, मला जमणार नाही.

उत्तर: ताई, एकच सांगा म्हणालात ना, मग आधी एकच सांगते. एक टीबीची एक्स्टर्नल हार्डडिस्क घ्या, सगळं त्यावर कॉपी करा आणि डिस्क कॉम्प्युटरपासून काढून ठेवा. इथेच वाचणं थांबवून कामाला लागलात तरी शेजाऱ्यांवर आली तशी वेळ तुमच्यावर यायची नाही. पण तुम्ही गावभागात राहता आणि घरात टॅली आहे, या दोन गोष्टींमुळे मला अजून थोडं बोलावं लागणार आहे.

तिघंही खोटं बोलत नाहीयेत हो, फक्त प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं संकट आहे. दुकानदाराला दिसतेय खराब झालेली डिस्क, दिरांना दिसतोय बंद पडलेला कॉम्प्युटर, आणि लेकीच्या वयाच्या मुलांना मुळात घरातल्या डब्यावर काही ठेवायचं असतं हेच पटत नाही. तुम्हाला मात्र सगळ्याच संकटांचा विचार करायचाय, चुकून डिलीट होणं, व्हायरस, लाईटचा झटका, चोरी आणि कृष्णामाई.

दुकानदाराचं आधी निकालात काढू. तो सांगतोय त्याला रेड म्हणतात, म्हणजे दोन डिस्क बसवायच्या आणि एकीवर जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीवर पण लिहिलं जायचं. एक मेली तर दुसरीवर काम चालू राहतं, त्यामुळे जिथे कॉम्प्युटर पाच मिनिटं थांबला तरी चालत नाही तिथे ते हवंच. पण तुमच्या हातून फोटोंचं फोल्डर उडालं तर ते दोन्हीकडून उडणार, व्हायरसने फाईल खराब केली तर दोन्हीकडची खराब होणार, लाईट जाऊन दणक्यात परत आली तर दोन्ही डिस्क एकाच पॉवर सप्लायवर बसलेल्या आहेत आणि चोर डबा नेताना एक डिस्क मागे ठेवून जात नाही. शिवाय डिस्क आपली आपण मरणं हे वाटतं तेवढं कॉमन नाही, बॅकब्लेझ नावाची अमेरिकन कंपनी आपल्या डेटा सेंटरमधल्या लाखो डिस्कचे आकडे जाहीर करते, तिथे २०२४ साली शंभरातल्या साधारण दीड डिस्क गेल्या. अर्थात तिथे एसी असतो आणि कोणी टेबलाखाली झाडू घालताना डब्याला धक्का मारत नाही, पण मुद्दा लक्षात आला असेल. मिररचे पैसे वाचवा.

आता लेकीचं. गुगल फुकट देतं १५ जीबी, आणि त्यातच जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं मोजलं जातं, अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप पण आता त्यातच जातो. पूर्वी फोटो थोडे लहान करून कितीही ठेवता यायचे, ती सोय १ जून २०२१ ला संपली. तुमच्या सव्वादोनशे जीबीला २०० जीबीचा प्लॅन नेमका थोडक्यात पुरत नाही, मग वरचा मोठा प्लॅन, आणि तो दर वर्षी भरत राहायचा. शिवाय अपलोडचा हिशोब कोणी करत नाही, २० एमबीपीएस अपलोड मिळत असेल तर एवढा डेटा वर चढायला सलग २५ तास लागतात, मध्ये लाईट गेली, राउटर रुसला की अजून जास्त. होतं, नाही असं नाही, पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आपण ज्याला क्लाउडवर बॅकअप म्हणतो ते बरेचदा नुसतं सिंक असतं. म्हणजे काय, तर इथे जे कराल तेच तिथे होतं, इथे डिलीट केलं की तिथूनही गेलं. मोबाईल भरला म्हणून गुगल फोटोच्या अ‍ॅपमधूनच फोटो उडवणारी आणि मग "अगं पण ते तर वर होते ना" म्हणणारी माणसं तुम्हालाही माहीत असतील. ट्रॅशमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस राहतात, ड्राइव्हवरच्या फाईल ३० दिवस, त्यानंतर विषय संपला. आणि आपण तर गेलेला फोटो शोधायला बसतो तो लेकीच्या साखरपुड्याच्या वेळी.

अजून एक, १५ जीबी फुल्ल झाले की जीमेलवर नवीन मेल यायचे पण थांबतात. फोटोंपायी एजन्सीचे मेल अडकलेले मिस्टरांना चालणार नाही.

सिंक म्हणजे बॅकअप नाही हे पटत नसेल तर एक मोठं उदाहरण सांगते, आणि त्याची झळ आपल्या उरणपर्यंत आली होती. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातले कॉम्प्युटर एका दिवसात बाद केले, न्हावा शेवा बंदरात त्यांचं एक टर्मिनल आहे तिथलंही काम बंद पडलं, कंटेनरच्या रांगा लागल्या. आता गंमत बघा. त्यांच्या नेटवर्कची सगळी कुंडली ज्या सर्व्हरवर होती असे दीडेकशे सर्व्हर जगभर होते आणि ते सतत एकमेकांशी सिंक व्हायचे, म्हणजे एक गेला तर बाकीचे आहेतच, अशी निश्चिंती. व्हायरसने एकदम सगळेच साफ केले. सगळे म्हणजे एक सोडून. घानामधल्या ऑफिसात त्या वेळी लाईट गेली होती म्हणून तिथला एक सर्व्हर नेटवर्कवर नव्हताच, आणि त्या एकावरून पुढे सगळी कंपनी परत उभी केली गेली. लोडशेडिंगला आपण किती शिव्या देतो! तर मी जे म्हणते ना की डिस्क काढून ठेवा, ते यासाठी. कायम लावून ठेवलेली एक्स्टर्नल डिस्क ही व्हायरसच्या दृष्टीने कॉम्प्युटरचाच एक भाग असते, फाईल लॉक करून पैसे मागणारे व्हायरस सी, डी, ई करत सगळीकडे फिरतात. दिरांचा सल्ला बरोबर, फक्त त्यांना वायर काढायची आठवण करून द्या.

आणि आता पाणी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ ची, हे मी तुम्हाला सांगायला नको. २००५ पण तुम्ही बघितलं असेल, २०२१ पण. पाणी चढायला लागलं की माणूस आधी म्हातारी माणसं, जनावरं, गॅस सिलेंडर, कागदपत्रं बघतो, टेबलाखालचा सीपीयू कोणाच्या लक्षात राहतो? कपाटातल्या खालच्या खणात ठेवलेली डिस्क तर त्याहून नाही. म्हणून तुमच्या बाबतीत एक डिस्क पुरत नाही. दोन घ्या. एक घरात, वरच्या मजल्यावर किंवा माळ्यावर, आणि दुसरी दुसऱ्याच घरात जिथे पाणी येत नाही. दीर विश्रामबागेकडे किंवा वरच्या भागात कुठे राहत असतील तर सल्ला दिलाच आहे त्यांनी, आता डिस्क सांभाळायला पण द्या. नाहीतर माहेरी. फोटोग्राफर लोकांत एक जुना नियम आहे, पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरमुळे तो प्रसिद्ध झाला: तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक कॉपी घराबाहेर. त्यातलं मधलं तुम्ही ढिलं सोडलंत तरी मी काही बोलणार नाही, शेवटचं मात्र सोडू नका.

रोज काही करायला लावू नका म्हणालात, ते मला सगळ्यात जास्त आवडलं, कारण रोज करायचा बॅकअप कोणीच करत नाही, पहिला आठवडा उत्साह आणि मग आज राहू दे. त्यामुळे दोन ढीग करा. फोटो-व्हिडिओ हा मोठा ढीग, पण तो बदलत नाही, २०११ च्या गणपतीचे फोटो आज जसे आहेत तसेच उद्या असणार. त्याला महिन्यातून एकदा पुरे. टॅली आणि सासऱ्यांचं लिखाण हा छोटा ढीग, पण टॅली रोज बदलतं. छोटा ढीग क्लाउडवर (लेक पण खूश), मोठा डिस्कवर.

मोठ्या ढिगाचं असं करा. तुमची भिशी असेलच, नसली तर महिन्यातून एकदा जिथे तुम्ही न चुकता जाता असं काहीही धरा. भिशीच्या आदल्या दिवशी घरातली डिस्क लावायची, नवीन काय असेल ते कॉपी करायचं, दुसऱ्या दिवशी जाताना पर्समधून जावेकडे ती द्यायची आणि तिच्याकडची घेऊन यायची. बस. कोणत्याही क्षणी एक डिस्क पाण्याच्या बाहेर आहे आणि फार तर महिनाभराचे फोटो जातील, जे तसेही तोवर मोबाईलमध्ये असतात. कॉपीसाठी फ्रीफाईलसिंक म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, लेकीला एकदाच बसवून द्यायला सांगा, नंतर तुम्ही फक्त एक बटण दाबायचं. तिला एवढंच सांगा की त्यात मिरर आणि अपडेट असे पर्याय असतात त्यातला अपडेट ठेव, कारण मिरर ठेवलं तर इथे डिलीट झालेलं तिथूनही डिलीट होतं आणि आपण परत दुकानदाराच्याच दारात. नाव पण तेच, बघा.

विंडोजमध्ये स्वतःचं पण एक आहे, फाईल हिस्टरी, कंट्रोल पॅनलमध्ये सापडेल. चालू केलं की ते डिस्क लावलेली असताना दर तासाला बदललेल्या फाईल उचलतं आणि जुन्या कॉप्या पण ठेवतं, म्हणजे मागच्या मंगळवारची फाईल कशी होती ते काढता येतं. चांगलं आहे, पण दोन डिस्कची अदलाबदल करायला ते कटकटीचं, दर वेळी डिस्क निवडून द्यावी लागते, आणि दुसरी गोम अशी की ते फक्त डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप असले ठरलेले फोल्डर बघतं. आपल्याकडे कॉम्प्युटर बसवून देणारा माणूस सगळ्यांना सांगून जातो की महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हला ठेवा, आणि डी ड्राइव्हचं फोल्डर तुम्ही लायब्ररीत मुद्दाम घातल्याशिवाय फाईल हिस्टरीला ते दिसतच नाही. हिरवा टिक दिसत राहतो आणि फोटो एकही नाही.

टॅलीचं पण तसंच, त्याचा डेटा सहसा डॉक्युमेंट्समध्ये नसतो, पब्लिक नावाच्या फोल्डरच्या आत नाहीतर डी ड्राइव्हला टाकलेला असतो, त्यामुळे वनड्राइव्ह (विंडोजसोबत येणारा मायक्रोसॉफ्टचा क्लाउड) चालू आहे म्हणून टॅली पण वर जात असेल असं धरून चालू नका. आणि टॅलीचं चालू फोल्डरच उचलून गुगल ड्राइव्हमध्ये ठेवू नका, दोघांची एकाच फाईलवर ओढाताण होऊन डेटा बिघडतो. टॅलीप्राईममध्ये ऑल्ट आणि वाय दाबलं की बॅकअपचा पर्याय येतो, तिथे जागा म्हणून गुगल ड्राइव्हचं फोल्डर द्यायचं, कॉम्प्युटर आपोआप ते वर पाठवतो. टॅलीची फाईल लहान असते, १५ जीबीत आरामात मावते, फक्त रोज त्याच जागी घेतला तर जुना पुसला जाऊ शकतो म्हणून सोमवार ते शनिवार अशी सहा फोल्डर करून ठेवा. हे काम मिस्टरांचं, तुमचं नाही. दुकान बंद करताना शटर ओढतात ना, त्याच्या आधी एक मिनिट. ऐकत नसतील तर सांगा की जीएसटीच्या कायद्यात हिशोब त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपायला सांगितलेत, कॉम्प्युटर बंद पडला हे कारण ऑफिसरला सांगून बघा म्हणावं. वर्ष संपलं की त्या वर्षाचा एक वेगळा बॅकअप डिस्कवर कायमचा ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. ३१ मार्च हा म्हणे जागतिक बॅकअप दिवस आहे, आता त्या दिवशी आपल्याकडे कोणाला मान वर करायला वेळ असतो, पण एजन्सीवाल्याला तारीख लक्षात राहायला बरी.

खरं सांगू का, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती आख्यानांची. फोटो वाचले तर दिसतील, टॅली वाचलं तर उघडेल, पण श्रीलिपीची फाईल वाचली तरी अक्षरं वाचतीलच असं नाही. त्या फाईलमध्ये मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी की-बोर्डचे कोड असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. उद्या नव्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की "श्रीगणेशाय नमः" च्या जागी नुसती चिन्हं आणि तिरक्या रेघा. जुन्या श्रीलिपीला बऱ्याच जणांकडे डोंगल असायचं, म्हणजे कॉम्प्युटरला लावायची किल्लीसारखी छोटी वस्तू, ते हरवलं की सॉफ्टवेअर पण गेलं. म्हणून कॉम्प्युटर चालू आहे तोवर, म्हणजे खरंच या आठवड्यात, तीन गोष्टी करून घ्या. ज्या फॉन्टमध्ये टाईप केलंय त्या फॉन्टच्या फाईल लिखाणाच्याच फोल्डरमध्ये कॉपी करा. सगळ्या आख्यानांची पीडीएफ काढा, पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसतो त्यामुळे ती कुठेही तशीच दिसते. आणि सवडीने सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर मराठी असतं तशा कुठेही वाचता येणाऱ्या अक्षरांत, करून घ्या, त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, फक्त नंतर एकदा डोळ्याखालून घालावं लागतं कारण रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात. हे तपासायला सासऱ्यांनाच बसवा, त्यांच्याएवढ्या चुका दुसऱ्या कोणाला सापडणार नाहीत. सोबत एक प्रिंट काढून स्पायरल बाइंडिंग, ती माळ्यावर. कागदाला पासवर्ड लागत नाही.

डिस्क घेताना: साधी फिरणारी हार्डडिस्कच घ्या, एसएसडी (आत काही न फिरणारी, चिपवाली डिस्क) वेगवान असते पण महिनोन्‌महिने विजेशिवाय कपाटात ठेवायला हार्डडिस्क मला जास्त भरवशाची वाटते, फक्त तिला पाडू नका, आणि चालू असताना तर हलवू पण नका. बिल घ्या. ऑनलाईन ७००-८०० रुपयांत २ टीबीचे पेनड्राइव्ह दिसतील, ते घेऊच नका, आत असते ३२ किंवा ६४ जीबीची चिप आणि कॉम्प्युटरला ती २ टीबी असल्याचं खोटं सांगते, कॉपी झाल्यासारखी दिसते आणि फाईल उघडत नाहीत. दोन डिस्क एकाच दिवशी घेणं जड जात असेल तर दुसरी पुढच्या महिन्यात घ्या, पहिली मात्र पावसाळ्याआधी.

आणि हो, विंडोज ११ मध्ये कधीकधी आपल्याला न सांगताच डिस्कला कुलूप लागलेलं असतं, त्याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत बघा. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये असते, ती डायरीत उतरवून ठेवा. नाहीतर मदरबोर्ड गेला, डिस्क धडधाकट, आणि उघडता येत नाही, असा प्रकार होतो.

पहिली कॉपी झाली की दिरांच्या लॅपटॉपला डिस्क लावून बघा, तुमच्या कॉम्प्युटरवर नको. लग्नाचा एक व्हिडिओ पूर्ण चालवा, नुसतं नाव दिसतंय यावर जाऊ नका, दोन-चार फोटो मोठे करून बघा, एका आख्यानाची पीडीएफ उघडा, आणि मिस्टरांनी टॅलीचा बॅकअप एकदा रिस्टोअर करून बघायचा, तोही रिकाम्या फोल्डरमध्ये, चालू कंपनीवर नाही. अर्धा तास जाईल. लग्नाची मूळ डीव्हीडी अजून असेल तर ती पण आत्ताच उतरवून घ्या, नव्या कॉम्प्युटरला डीव्हीडी ड्राइव्हच येत नाही आणि त्या चकत्या पण कायम टिकत नाहीत.

राहिले ते पेनड्राइव्ह. सगळे एकेक करून लावा, आत जे असेल ते कॉम्प्युटरवर "पेनड्राइव्ह जुने" अशा फोल्डरमध्ये ओता, ओतण्याआधी अँटीव्हायरसने तपासा, डबल झालेले फोटो निवडत बसू नका, जागा आहे. एखादी मोठी फाईल पूर्वी पेनड्राइव्हवर जायलाच तयार नव्हती असं आठवत असेल तर ते याच्यामुळे की फॅट ३२ पद्धतीच्या ड्राइव्हवर ४ जीबीच्या वरची एक फाईल मावतच नाही, म्हणजे लग्नाचा मोठा व्हिडिओ कदाचित एकाही पेनड्राइव्हवर नसेल, तो आधी शोधा. मग रिकामे झालेले पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात न्यायला ठेवा, तिथून परत येताना ते सोबत शॉर्टकट व्हायरस घेऊन येतात, त्यामुळे त्यांच्यावर पुन्हा घरातलं काही ठेवायचं नाही.